हळदीच्या दिवसांतला पैरा

विटा स्टँड मागं पडलं आणि एसटीच्या खिडकीची काच काही केल्या बंद होईना. मी कंडक्टरवर डाफरले, "अहो, ही काच पेन्शनीत निघाली का?" तर तो गडी हसत म्हणाला, "लागू द्या की वारं जरा बाई, तिकिटात धरल्यालं न्हाई त्ये." आणखी भांडायच्या तयारीत होते, तेवढ्यात वास आला. ओल्या मातीचा, उकडलेल्या कंदाचा आणि शेवटी नाकात किंचित झोंबणारा. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. मी मात्र तोंड खिडकीबाहेर काढलं. कुणाच्या तरी रानात हळद शिजायला लागली होती.

आमच्याकडं जानेवारीत वर्ष बदलतं ते भिंतीवरच्या कॅलेंडरापुरतं. मला वर्ष फिरल्यासारखं वाटतं ते फेब्रुवारीत. उसाच्या गाड्या कमी होतात, रस्त्यावर टायरखाली चेंगरलेल्या उसाची चिपाडं तेवढी राहतात. रात्री गार, दुपारी चटका. हळदीची रानं उकरली जातात, आणि त्याच दिवसांत दहावी-बारावीची परीक्षा येऊन बसते. घराघरांत टीव्हीवर चादर पडते, आया दबक्या आवाजात ओरडायला लागतात. माझ्या जन्मात या दोन गोष्टी, हळद आणि परीक्षा, अशा काही एकमेकींना चिकटल्यात की हॉलतिकीट हा शब्द ऐकला तरी मला हळदीची वाफ आठवते.

त्यातला एक हंगाम मला सगळ्यांत जास्त आठवतो. तो आठवला की अजून आधी लाज वाटते आणि मग बरंही वाटतं.

मी तेव्हा मिरजेच्या एका धर्मादाय दवाखान्यात समुपदेशक होते. मनाच्या आजारांचा विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली, दोन खुर्च्या, एक पंखा, नाक पुसायच्या कागदांचा डबा आणि मागच्या बोळात उघडणारी खिडकी. बोळात तंबोरे करणाऱ्यांचं दुकान. दिवसभर कुणीतरी एकच तार लावत बसलेलं असायचं. पेशंटला ते आवडायचं. रडता रडता थांबून बाया विचारायच्या, "ह्यो आवाज कशाचा वो बाई?" मी सांगायची. त्या परत रडायच्या, पण जरा सावकाश.

माझं काम ऐकायचं. लोकांना याची फार गंमत वाटते. "नुसतं ऐकायचा पगार मिळतो?" असं आमच्या गल्लीतल्या शिंपीमामांनी मला तोंडावर विचारलं होतं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही एक दिवस बसून बघा." ते म्हणाले, "नको बाई, घरात एकीचं ऐकतो तेवढं बास झालं." खरं सांगायचं तर मला हे काम लग्नाआधीपासून आवडायचं. मी तापट आहे, भांडकुदळ आहे, पण समोर माणूस बोलायला लागलं की माझी जीभ आपोआप गप्प व्हायची आणि कान पुढं सरकायचे. माझ्यात चांगलं असं तेवढंच होतं, आणि ते माझ्याजवळ आहे याची मला खात्री होती.

ते आटलं कधी, हे मला सांगता येत नाही. विहीर आटते तेव्हा पाणी काही ओरडून सांगत नाही. आधी भाजीवाली. ती सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागली की मी कोथिंबीर न घेताच निघायची. मग फोन. तो वाजला की मी उशीखाली सारायची, नाव कुणाचं का असेना. घरी आले की मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहायची, कारण नळाच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही. एकदा आईचा फोन आला. म्हणाली, "गुडघा लई दुखतोय गं." माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि त्याबद्दल तुला काय वाटतं?" आई म्हणाली, "काय वाटणार? दुखतोय असं वाटतं." फोन ठेवून तिनं माझ्या भावाला सांगितलं की वैशालीला एकदा कुणालातरी दाखवून आणा.

हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं, आणि रडूही येत नव्हतं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा नवरा अचानक गेला. मी भेटायला गेले, तिचा हात हातात घेतला, चेहरा जसा ठेवायचा तसा ठेवला. ती माझ्या खांद्यावर कोसळली, आणि मी मनात म्हणत होते, निघताना डाळ भिजत घातली का नाही? घरी येऊन बघितलं तर घातली होती. मी त्या भिजलेल्या डाळीकडं बघत किती तरी वेळ उभी राहिले. मला स्वतःची भीती वाटली.

आणि मग शालनबाईंचा तो दिवस. कडेगाव तालुक्यातली ऊसवाली बाई, नवरा फौजेतून रिटायर होऊन आलेला. आला तो बोलायचाच बंद झाला. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचा, ताट पुढं सारलं तर जेवायचा. शालनबाई कितीतरी महिने माझ्याकडं येत होत्या. दर खेपेला तेच, माणूस घरात हाय पण न्हाई. त्या दिवशी आल्या, बसल्या आणि बोलायला लागल्या. मी मान हलवत होते. बरोबर जागी "हं" म्हणत होते. वीस वर्षांचा सराव, मान आपली आपण हलते. त्या थांबल्या तशी मी म्हणाले, "समजू शकते मी. फार अवघड आहे हे तुमच्यासाठी."

शालनबाईंनी डोळे मोठे केले. "अवघड? कशाचं अवघड वो बाई? काल त्यांनी च्या पिता पिता सोताहून म्हणलं, साखर जास्त झाली. कवापास्नं पैला शबुद बोललं! मी आनंदाचं सांगतीय की तुमास्नी."

बोळात कुणीतरी तार जुळवत होतं. मी काहीतरी सावरासावर केली. शालनबाई हसल्या, माझ्यावर रागावल्यासुद्धा नाहीत. मोठ्या मनाची बाई. जाताना म्हणाल्या, "तुमी दमलाय. घरला जावा, निजा जरा." पण माझ्यासमोर त्यांच्या घरातली एवढी मोठी गोष्ट सांगून झाली होती आणि मला ती ऐकूच आली नव्हती. महिनोन् महिने जिची वाट बघितली ती गोष्ट. त्याच दिवशी मी आमच्या साहेबांना सांगून टाकलं, मी सोडते. ते म्हणाले, मार्चअखेर लेखी द्या. मी बरं म्हटलं. घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "चला, सुटलीस." त्यांचं चुकलं नाही, मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण ज्या गोष्टीसाठी मी स्वतःला बरी समजत होते तीच माझ्यातून गेली होती. ती जाऊन मी सुटणार कशी?

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी दवाखान्यातर्फे आपापल्या भागातली गावंही सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्या समुपदेशकांना साताऱ्याला एका दिवसाच्या शिबिराला धाडलं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याजवळच्या हॉटेलात गार हॉल, खुर्च्यांना पांढरे झगे, प्रत्येकाला एक मग, त्यावर हसरं तोंड. पुण्याहून आलेल्या बाई मऊ आवाजात बोलत होत्या. पडद्यावर शब्द आला, कम्पॅशन फटीग. खाली मराठीत, करुणेचा थकवा. बाई एकेक लक्षण सांगत गेल्या आणि मी खुर्चीत आखडत गेले. फोनची धास्ती, नळ, डाळ, सगळं माझंच. तसा थोडा धीरही आला. आजाराला नाव आहे म्हणजे तो आधी कुणालातरी झालाय.

मग त्यांनी फुगे वाटले. आपला सगळा ताण फुग्यात भरा आणि सोडून द्या. हॉलभर फुगे फुर्रर्र करत उडाले. सातारा-सांगलीतली दोन जिल्ह्यांची दुःखं ऐकणारी माणसं फुग्यांकडं तोंड वर करून बघत होती. माझ्या शेजारी मारुती कोळेकर बसले होते, पाटणचे आमचे समुपदेशक. मूळचे जतकडचे, घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, वाडा म्हणजे माणसांसकट मेंढरांचा फिरता तळ. पन्नाशीला टेकलेला शांत माणूस. त्यांचा फुगा हातातच फुटला. ते माझ्या कानात म्हणाले, "मॅडम, मेंढरू दमलं तर आमी त्येला फुगा देत न्हाई. वाडा थांबवतो." मला हसू फुटलं, फार दिवसांनी. चारच्या चहाला साहेबांनी सांगितलं की परीक्षेचा काळ आहे, तरी प्रत्येकाकडं आणखी काही गावं वाढवावी लागतील. कोळेकर मगवरच्या हसऱ्या तोंडाकडं बघत बसले.

तिथून आले, दोन दिवसांत अक्कांचा फोन. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, कडेगावची शेती तिच्याच जिवावर चालते. तिला हॅलो म्हणायची सवय नाही.

"हळद काढायची हाय. तुझा दिवस लागतोय."

"अक्का, मला बरं वाटत नाही हो."

"मला तरी कुठं वाटतंय? मागल्या साली तुझ्या ऑपरेशनाला मी मिरजंला आल्ती, ती काय हवा खायाला आल्ती व्हय? ये गप."

याला आमच्याकडं पैरा म्हणतात. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. मजूर मिळेनासे झाले तसा तो पुन्हा वाढलाय. हळदीला तर तो हवाच, कारण काढणं, मोडणं, शिजवणं, वाळवणं एका घराच्यानं होत नाही. पण अक्काचा पैरा हळदीपुरता कधीच नव्हता. आजारपण, लग्न, पाहुणे, सगळं त्यात बसायचं. मी गेले. रानाच्या कडेला बाया गोल बसल्या होत्या, गड्डे मोडून हळकुंडं वेगळी करत होत्या. मला बघून एकजण म्हणाली, "सावकाश बोला गं, ही ऐकायची नोकरी करती. फी लावंल." सगळ्या हसल्या. मी खाली बसले. पलीकडं हळद शिजवायच्या मोठ्या कुकरमधून वाफ निघत होती, एक गडी हळकुंडात काडी खुपसून शिजलं का बघत होता. संध्याकाळपर्यंत माझी बोटं पिवळी झाली, नखांत माती गेली, पाठ मोडली. कुणी मला काही विचारलं नाही आणि कुणी मला काही सांगितलंही नाही. तेवढंही मला पुष्कळ होतं.

त्या गोलात तानूमावशी होत्या. सत्तरीच्या, हात मात्र सगळ्यांत चलाख. त्यांचं रान मुलांनी उसाला घातलं, त्यामुळं त्यांच्याकडं हळद नाही. तरी त्या प्रत्येकीच्या हळदीला हजर. आणि फेड घ्यायची वेळ आली की हात झटकायच्या, "माझं काय काम हाय बाई? मी मोकळी." सगळे म्हणायचे, केवढी गुणाची म्हातारी. मीही म्हणाले. तशी अक्का भडकलीच.

"गुणाची कसली? सगळ्यांस्नी अडकवून ठिवलंय हिनं. आमच्या सगळ्यांच्या अंगावर हिचा पैरा. आमी काय हिच्या उपकारातच मरायचं?"

"आगं, पर माझ्याकडं हळद न्हाई तर—"

"कुरडया हायत न्हवं? गहू भिजव. आमी येतोय."

हळद शिजवून झाली आणि बाया खरंच गेल्या. मलाही ओढून नेलं. तानूमावशींच्या अंगणात चूल पेटली, चीक शिजायला घातला, दोघी दोघी तो घोटायला. तानूमावशी रागानं लाल. सारख्या उठायच्या, पळी हातात घ्यायला बघायच्या. अक्का हातावर चापट मारायची, "बस गप." शेवटी त्या उंबऱ्यावर बसल्या. आपले हात कुठं ठेवायचे हे त्यांना कळेना. मांडीवर ठेवले, मग पदरात गुंडाळले. अंगणात साडी अंथरून त्यावर कुरडया पडायला लागल्या. मला कुणीतरी वाटीत गरम चीक दिला, वर तेलाची धार, मीठ. आणि मग तानूमावशी आपल्या आपण बोलायला लागल्या. रात्री गुडघ्यात कळ येते. थोरला पोरगा एका घरात असून शेजारी बसून जेवत नाही. नातीचं लग्न ठरलं ते यांना बाहेरून कळलं. "मी कवा कुणाला बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. बाया कुरडया पाडत राहिल्या. एकीनं फक्त म्हटलं, "आवं मावशी, मग सांगायचं न्हाई व्हय?"

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली.  उंबऱ्यावर मीच बसलेय असं वाटलं. वीस वर्षं प्रत्येकाच्या रानात हजर आणि स्वतःच्या दारात कुणी आलं की मी मोकळी. आमच्या शिक्षणात एक गोष्ट घोकून घेतली होती, पेशंटचं दुःख घरी न्यायचं नाही. ते बरोबरच आहे. पण मग ते न्यायचं कुठं, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी ते नवऱ्याला सांगू शकत नव्हते, लोकांची गुपितं असतात. साहेबांना सांगावं तर ते आकडे विचारायचे. मैत्रिणींना सांगावं तर त्या म्हणायच्या, तू काय, तुला यातलं सगळं कळतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तसं, रोज दहा जणांना सांगायची की मनात ठेवू नका. खोटं सांगत नव्हते. फक्त ते मला लागू आहे असं कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी अक्काच्या अंगणातून मी कोळेकरांना फोन केला.

"कोळेकर, पैरा कराल का?"

"मॅडम, माझ्याकडं कुठली आली हळद?"

"माझ्याकडंही नाही. एका शनिवारी तुम्ही माझं ऐकायचं, पुढच्या शनिवारी मी तुमचं. पेशंटची नावं घ्यायची नाहीत, सल्ला द्यायचा नाही, आणि आपली पाळी चुकवायची नाही."

ते म्हणाले, "कराडला भेटू. दोघांस्नी मधलं पडंल."

कराडला संगमाच्या घाटावर, दुपारी, झाडाखालच्या पायरीवर. पहिला शनिवार माझा. कोळेकरांनी भाजलेल्या शेंगांची पुडी आणली होती. ती मध्ये ठेवली आणि म्हणाले, "बोला." आणि माझ्या तोंडातून ब्र निघेना! दुसऱ्याला बोलतं करायची मला सगळी हिकमत माहीत, पण बोलायचं कसं हेच येईना. मी हवापाण्याचं बोलले, एसटीचं बोलले, साहेबांना नावं ठेवली. ते शेंगा फोडत राहिले. मग एकदम मी म्हणाले, "कोळेकर, कुणी रडायला लागलं की मला राग येतो." बोलून झाल्यावर मीच दचकले. वाटलं, आता हा माणूस मला काय समजेल? कोळेकर शेंग फोडता फोडता थांबले. "तुमास्नी बी?" ते म्हणाले. "मला वाटलं, माझंच कायतरी सडलंय."

मग मी बोलले. शालनबाईंचा चहा, मैत्रिणीचा नवरा, डाळ. ऊन पायरीवरून खाली सरकलं. ते मध्ये एक शब्द बोलले नाहीत. रडू काही आलं नाही, पण त्या रात्री मी झोपले ती सकाळी दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा उठले. आमच्या ह्यांनी दोनदा श्वास चालू आहे ना ते बघितलं म्हणे.

पुढचा शनिवार कोळेकरांचा. आले, बसले, म्हणाले, "माझं काय न्हाई मॅडम. मी निवांत हाय. तुमीच बोला." मी बोलले. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांची राहिलेली पाळी होती, तर पुन्हा तेच, मी निवांत हाय. मला बरं वाटत होतं, झोप येत होती, भाजीवालीकडून कोथिंबीरसुद्धा घ्यायला लागले होते. पण आत काही पोचत नव्हतं. ओपीडीत बसायची, नीट ऐकायची, चूक करत नव्हते. ते मात्र एखाद्या दुसऱ्या गावातल्या लग्नाचं वर्णन ऐकल्यासारखं. मार्च संपत आला. सोमवारी राजीनामा लेखी द्यायचा होता, आणि मी तो देणार होते. मनातल्या मनात मी अक्काच्या हळदीची पाकिटं करून विकायचीही ठरवली होती.

त्याच्या आधीचा शनिवार. घाटावर वारं पडलेलं, ऊन मी म्हणत होतं. कोळेकर आले आणि नेहमीसारखे हसले. "बोला मॅडम."

मी चिडले. माझा मूळ स्वभाव कामाला आला. "नाही बोलत. तीन वेळा तुम्ही माझं काम करून गेलात, एकदा तरी मला तुमच्या रानात येऊ दिलंत? मला काय उपकारात मारायचंय? अंगावर पैरा ठेवून मी सोमवारी नोकरी सोडू का?"

ते चपापले. "तसं न्हाई वो."

"मग बोला. नाहीतर मी निघाले, एसटी उभीच आहे."

ते पाण्याकडं बघत राहिले.  मग अगदी हळू म्हणाले, "आईचा फोन येतो."

मी उचललेली पिशवी परत पायरीवर ठेवली.

"आई-आबा मेंढरं घिऊन कोकणच्या अंगाला गेल्यात. दर सांजचं ती फोन करती. मी बघतो, आई म्हणून नाव येतं, आन् मी उचलत न्हाई. दिसभर लोकांचं ऐकून येतो मॅडम. वाटतं, आता हिनं बी कायतरी दुखतंय म्हणलं तर मी वरडंन तिच्यावर. म्हणून वाजू देतो. दिवाळीपास्नं असंच चाललंय."

"आणि त्या?"

"तिला वाटतंय, पाटणात रेंज न्हाई. डोंगर हाय न्हवं. समद्यांस्नी सांगती, माझ्या पोराच्या गावात रेंज न्हाई, लय लांब नोकरी लागलीया त्येला. भाऊ सांगत हुता." कोळेकरांचा आवाज बसला. "तिथं माळावर खरी रेंज न्हाई, मॅडम. वाड्यावर अजिबात लागत न्हाई. ती त्या दुखऱ्या पायानं टेकाड चढून वर जाती. वर उभी ऱ्हाऊन फोन लावती. वाजून वाजून बंद झाला की खाली उतरती. दुसऱ्या दिशी परत वर."

  कोळेकरांनी चेहरा दोन्ही हातांत धरला होता. मोठा माणूस, अख्ख्या तालुक्याला धीर देणारा.

मग त्यांनी खिशातून फोन काढला. माझ्याकडं बघितलं नाही, नदीकडं तोंड केलं. दुपारची वेळ, आई टेकाडावर कशाला असेल? लागणार नाही, असं मला वाटलं. त्यांनी भावाचा नंबर लावला, तो वाड्याजवळच्या गावात मीठ-पीठ आणायला आला होता, आणि आई त्याच्याच बरोबर होती. फोन तिच्या हातात गेला. ती एवढ्या मोठ्यानं बोलली की मला शेजारी बसून ऐकू आलं.

"मारुती? आली व्हय रं रेंज?"

कोळेकरांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"हॅलो? मारुती? ल्येकरा, जेवलास का? दिसभर लोकांचं आयिकतूस, तुजं कोण आयिकतंय रं?"

"आई," ते म्हणाले. पलीकडं ती बोलतच होती, कुठल्या मेंढीला कोकरू झालं, आबांचा खोकला कमी आहे, पाय काय, पाय हायत तर दुखायचेच.

 माझं नाक चुरचुरलं आणि पायरीवर माझ्याच हातावर टपकन पाणी पडलं. मला आधी कळेना ते काय आहे. मग दुसरं पडलं. त्या न बघितलेल्या बाईचा पाय मला दुखत होता, ते टेकाड माझ्या गुडघ्यात शिरलं होतं. पदराचं टोक तोंडात कोंबलं तरी आवाज फुटला.

कोळेकरांनी फोन कानावरून खाली घेतला आणि ओल्या डोळ्यांनी माझ्याकडं घाबरून बघितलं. "मॅडम, आवं, तुमी कशाला रडताय?"

"रडू द्या हो," मी म्हटलं. "किती दिवसांनी येतंय. आणि सोमवारी मला पेशंट आहेत."